बांधापलीकडची तेलविहीर: अमेरिकेतले तेल-वायू नकाशे कितपत कामाचे?

अमेरिकेच्या ग्रामीण भागात जमीन घ्यायची आहे किंवा घेऊन झाली आहे, आणि आसपास तेल-वायूचं काय चाललंय ते बघायचंय. शोधायला बसलं की नकाशांचा ढीग समोर येतो. राज्य सरकारांचे, केंद्राचे, स्वयंसेवी संस्थांचे, वर्गणी भरून बघायचे. दिसायला वेगवेगळे असले तरी बहुतेकांचा कच्चा माल एकच असतो: कंपन्यांनी राज्याच्या नियामकाकडे भरलेले फॉर्म. त्यामुळे रंग, वेग, सजावट यांच्याआधी बघायचं ते हे, की हा नकाशा कुठल्या कागदावर उभा आहे आणि तो कागद कधी दाखल होतो.

क्रम साधारण असा असतो. आधी लीज, म्हणजे तेल-वायू काढण्याचा भाडेकरार. कंपनीचा माणूस (तिकडे त्याला लँडमन म्हणतात) खनिज हक्काच्या मालकांशी करार करतो आणि तो काउंटी क्लार्क किंवा रेकॉर्डरच्या कार्यालयात नोंदवतो. मग काही राज्यांत स्पेसिंग (एका विहिरीला किती क्षेत्र) किंवा पूलिंगचा (अनेक मालकांचे हक्क एकत्र करण्याचा) अर्ज, मग ड्रिलिंगचा परवाना, मग प्रत्यक्ष खोदाई, फ्रॅकिंग (दाबाने पाणी, वाळू, रसायनं सोडून खडक फोडणं), कम्प्लीशन रिपोर्ट (विहीर पूर्ण झाल्याचा अहवाल), दरमहा उत्पादनाचे आकडे आणि सरतेशेवटी विहीर बुजवल्याचा कागद. यातली खासगी लीज जवळपास कुठल्याच फुकट नकाशावर दिसत नाही. परवान्यापासून पुढचं राज्याच्या नकाशावर येतं. फ्रॅकिंगमधली रसायनं फ्रॅकफोकस या नोंदवहीत येतात, तीही काम उरकल्यावर. तेव्हा नकाशा कोरा दिसला, तर त्यातून फक्त एवढंच कळतं की परवान्याचा कागद अजून तिथे पोचलेला नाही. शेजारच्या चार मालकांनी लीजवर सह्या केलेल्या असू शकतात.

आणखी एक गोष्ट नकाशा उघडण्याआधीच पक्की करून घ्यावी. अमेरिकेत जमिनीचा पृष्ठभाग आणि त्याखालचं खनिज यांचे मालक वेगळे असू शकतात, आणि तेलपट्ट्यात बहुधा असतातच. सातबाऱ्यासारखा एकच उतारा काढून काम भागत नाही. काउंटीच्या करखात्याच्या नकाशावर दिसणारं नाव पृष्ठभागाच्या मालकाचं असतं. खनिज कुणाचं, हे जुन्या खरेदीखतांची साखळी मागे मागे वाचत नेल्यावरच कळतं. ते काम कुठलाही नकाशा करून देत नाही, तसा दावा कुणी केला तरी.

आधी पत्ता नीट काढा

ग्रामीण घराचा टपालाचा पत्ता या नकाशांत टाकू नका. तो रस्त्यावरच्या टपालपेटीशी नेऊन सोडतो, आणि जमीन तिथून मैलभर आत असू शकते. कायदेशीर वर्णन वापरा. पश्चिम आणि मध्य अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत टाउनशिप-रेंज-सेक्शन पद्धत आहे: ६ मैल बाय ६ मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकर. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, असे नागमोडी. डावीकडून वाचायची सवय असल्यामुळे १ आणि ६ यांची अदलाबदल होते आणि माणूस थेट पाच मैल दूरच्या सेक्शनची माहिती वाचत बसतो. टेक्सासात ही पद्धत नाही; तिथे मूळ सर्व्हे (जमिनीची पहिली मोजणी) आणि तिला दिलेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्रमांक लागतात. पेनसिल्व्हेनियात तेही नाही, हद्दीच्या खुणा आणि अंतरांचं वर्णन असतं, म्हणून तिथे अक्षांश-रेखांशच सोयीचे. ते दशांशात लिहा, आणि रेखांशाआधीचं उणे चिन्ह विसरू नका. ते राहिलं की ठिपका आशियात जाऊन पडतो.

दुसरी किल्ली म्हणजे विहिरीचा एपीआय क्रमांक. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे, पुढचे पाच त्या विहिरीचे. त्यापुढे आणखी चार असतील तर ते बाजूला वळवलेल्या भोकासाठी आणि नंतरच्या कामांसाठी. टेक्सास ४२, कोलोरॅडो ०५, पेनसिल्व्हेनिया ३७, नॉर्थ डकोटा ३३, ओक्लाहोमा ३५, न्यू मेक्सिको ३०, वायोमिंग ४९. हे आकडे जनगणनेच्या राज्य क्रमांकांशी जुळत नाहीत आणि गोंधळ नेमका तिथे होतो: जनगणनेच्या यादीत ४२ म्हणजे पेनसिल्व्हेनिया. दोन याद्या जोडताना हे ध्यानात नसलं, तर टेक्सासच्या विहिरी अ‍ॅपलाचियन डोंगरात उगवतात.

टेक्सास: रेलरोड कमिशनचा जीआयएस व्ह्यूअर

नाव रेल्वेचं, काम तेलाचं. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाकडे आता रेल्वेचं काहीच उरलेलं नाही, पण राज्यातल्या प्रत्येक तेल-वायू विहिरीचा कागद त्याच्याकडे जातो. त्याचा सार्वजनिक नकाशा दिसायला जुनाट आहे, मोबाइलवर तर वापरूच नये, तरीही टेक्सासपुरतं याच्याइतकं खोलात जाणारं फुकट साधन दुसरं नाही. नकाशावरून थेट मूळ फॉर्मपर्यंत पोचता येतं, हे त्याचं खरं बळ.

वापरायची रीत: शोधात काउंटी निवडा, मग सर्व्हे किंवा अ‍ॅबस्ट्रॅक्ट टाका, आणि बरंच झूम करा. दूरवरून विहिरींचा थर दिसतच नाही, आणि नवखा माणूस ‘इथे काही नाही’ म्हणून बंद करून जातो. विहिरी दिसू लागल्या की चिन्हांची सूची उघडून शेजारी ठेवा. परवाना मिळालेली जागा, रद्द झालेली जागा, तेल, वायू, कोरडी विहीर, बुजवलेली विहीर, पाणी जिरवण्याची विहीर, अशी प्रत्येकाची खूण वेगळी आहे आणि आकारातला फरक बारीक आहे. मग ओळखीचं साधन (आयडेंटिफाय) निवडून ठिपक्यावर टिचकी मारा. एपीआय क्रमांक मिळतो (इथे तो ४२ शिवाय, आठ अंकी असतो) आणि तिथून परवाना, कम्प्लीशन, लीजचं उत्पादन या नोंदींकडे जाता येतं.

कुठला फॉर्म कशासाठी, एवढं पाठ असलं की वेळ वाचतो. डब्ल्यू-१ म्हणजे खोदण्याच्या परवान्याचा अर्ज. डब्ल्यू-२ तेलविहीर पूर्ण झाल्याचा अहवाल, जी-१ वायुविहिरीचा. डब्ल्यू-३ बुजवल्याचा. पी-४ ऑपरेटर, म्हणजे विहीर चालवणारी कंपनी, बदलल्याचा. एच-१० पाणी जिरवणाऱ्या विहिरीचा वार्षिक अहवाल. शेतीच्या जमिनीशेजारी या शेवटच्या प्रकाराकडे जास्त लक्ष द्यावं. तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी परत जमिनीत सोडणारी ही विहीर वर्षानुवर्षं चालते, तिथे टँकरची ये-जा असते, आणि सांडलं तर मीठ मातीत उतरतं. बरेच लोक फक्त उत्पादन देणाऱ्या विहिरी मोजतात आणि ही खूण सोडून देतात.

आडव्या, म्हणजे खाली जाऊन बाजूला वळणाऱ्या विहिरींनी इथे वाचन अवघड केलंय. नकाशावर वरचं तोंड आणि तळाचं टोक असे दोन बिंदू आणि त्यांना जोडणारी रेष असते. दहा हजार फुटांचा आडवा भाग आता नवलाचा राहिलेला नाही. म्हणजे पॅड (खोदाईसाठी सपाट केलेली जागा) दीड-दोन मैलांवर आणि भोक तुमच्या जमिनीखाली, असं होऊ शकतं. तसंच पॅड तुमच्या कुंपणाला लागून आणि रेष मात्र दुसरीकडे. आवाज, धूळ, ट्रक यांचा विचार करताना वरचं तोंड बघायचं, खनिजाच्या पैशाचा विचार करताना रेष. एकाच पॅडवरच्या आठ-दहा विहिरींचे ठिपके एकमेकांवर बसून एकच दिसतात, तेव्हा मोजणी नकाशावर डोळ्यांनी करू नका, यादी काढून करा.

अंतराबद्दल एक मोठा गैरसमज आहे. राज्याच्या नियम ३७ मधले ४६७ फूट लीजच्या किंवा मालकीच्या हद्दीपासूनचे आहेत, घरापासूनचे नाहीत. त्याच नियमात दोन विहिरींमधलं १,२०० फूट अंतर आहे. दोन्हींना तेलक्षेत्रानुसार वेगळे नियम आणि सवलती असतात. तुमच्या हद्दीपासून ४६७ फुटांच्या आत ठिपका दिसला तर तीन शक्यता: त्या क्षेत्राचा नियम वेगळा आहे, कंपनीने सवलत घेतली आहे, किंवा नकाशाची रेष सरकलेली आहे. तिसरीची शक्यता लोकांना वाटते त्याहून जास्त असते. जुन्या विहिरींच्या जागा कागदी नकाशांवरून उतरवलेल्या आहेत, आणि अक्षांश-रेखांश १९२७ च्या आणि १९८३ च्या अशा दोन आधारपद्धतींत (पृथ्वीवरची जागा मोजण्याच्या पायांत) मिळतात. दोघांमधला फरक कित्येक दहा मीटरचा असू शकतो. एकाचे आकडे दुसऱ्याच्या नकाशात टाकले की विहीर बांध ओलांडून अलीकडे येते.

नव्या हालचालींसाठी नकाशापेक्षा आयोगाचा डब्ल्यू-१ शोध वापरा: काउंटी आणि तारखांची मर्यादा टाकली की अलीकडचे अर्ज समोर येतात. परवाना दोन वर्षं चालतो. तेव्हा वर्षापूर्वीचा परवाना आणि जागेवर काहीच नाही, म्हणजे बेत बारगळला असं समजू नये. दहापैकी आठ गुण. दोन गेले ते जुनाट मांडणीसाठी आणि लीजच्या आतल्या छोट्या फ्लोलाइन (विहिरीपासून निघणाऱ्या बारीक नळ्या) न दिसण्यासाठी.

कोलोरॅडो: आमच्या मते सगळ्यांत चांगला

इथल्या नियामकाचं नाव जुलै २०२३ पासून एनर्जी अँड कार्बन मॅनेजमेंट कमिशन झालं. जुन्या लेखांत सीओजीसीसी दिसलं तर संस्था तीच. नकाशाचा मोठा गुण असा की मंजुरीची वाट बघत असलेल्या जागाही त्यावर येतात. इथे विहिरीच्या परवान्याआधी पॅडच्या जागेची छाननी होते, फॉर्म २ए आणि विकास आराखडा या रूपात, आणि त्यावर लोकांना लेखी मत देता येतं. म्हणजे यंत्र येण्याच्या कितीतरी आधी नकाशावर आकृती उमटते. प्रलंबित जागांचा थर सुरुवातीला बंद असेल तर हाताने चालू करावा.

जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत घरांपासून २,००० फुटांचं अंतर आहे, अपवादांसह. नकाशावरचं मोजपट्टीचं साधन वापरून ते तपासता येतं, पण पॅडच्या मध्यबिंदूपासून मोजू नका. जागेच्या आराखड्याची पीडीएफ उघडा, कामाच्या क्षेत्राची कड कुठे आहे ते बघा आणि तिथून घरापर्यंत मोजा. मोठ्या पॅडवर मध्य आणि कड यांत दोन-तीनशे फुटांचा फरक सहज पडतो.

एप्रिल २०१७ मध्ये फायरस्टोन गावात एका घरात स्फोट होऊन दोघांचा जीव गेला. वापरातून गेलेली पण विहिरीला जोडलेलीच राहिलेली फ्लोलाइन कापली गेली होती आणि तिच्यातला वायू घराखाली साठला होता. त्यानंतर या राज्यात फ्लोलाइनच्या नोंदींवर बराच कडक नियम आला. बाकी राज्यांत या बारीक नळ्यांची माहिती इतकी मिळत नाही. गळती आणि सांडण्याच्या नोंदी फॉर्म १९ मध्ये असतात. जागेच्या पानावरून त्या उघडता येतात आणि जमीन घेण्याआधी त्या वाचाव्यातच. नऊ गुण.

पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थ डकोटा

पेनसिल्व्हेनियाचा नकाशा पर्यावरण खात्याचा आहे. पहिली गाळणी लावायची ती पारंपरिक आणि अपारंपरिक विहिरींची; शेल या खडकातल्या मोठ्या विहिरी दुसऱ्या गटात येतात. २०१२ च्या कायद्यात अपारंपरिक विहिरीचं उभं भोक घर किंवा पाण्याच्या विहिरीपासून ५०० फूट दूर हवं असं आहे. ग्रामीण मालकाने त्याहून जास्त लक्षात ठेवायचा आकडा २,५०० फूट. विहिरीच्या उभ्या भोकापासून एवढ्या अंतरात आणि काम झाल्यापासून १२ महिन्यांत पाणी बिघडलं, तर जबाबदारी कंपनीची असं कायदा धरून चालतो आणि ते खोडून काढणं कंपनीवर येतं. आपली पाण्याची विहीर नकाशावर नेमकी टाका, २,५०० फुटांचं वर्तुळ काढा, आणि त्यात नवा परवाना दिसला तर खोदाईआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून पाणी तपासून अहवाल ठेवा. मोजायचं ते आडव्या रेषेपासून नाही, वरच्या तोंडापासून.

या नकाशाची मर्यादा त्याच्या इतिहासात आहे. या राज्यात १८५९ पासून विहिरी खोदल्या जातायत, आणि परवान्याची पद्धत फार नंतरची. त्यामुळे कित्येक जुनी भोकं कुठल्याच यादीत नाहीत. पश्चिम भागात जंगलाची किंवा पडीक जमीन घेताना नकाशा स्वच्छ दिसला तरी जमिनीवर फिरून लोखंडी नळीचं तोंड, खोलगट खड्डा, गवत न उगवणारा डाग हे शोधावं लागतं.

नॉर्थ डकोटाचा नकाशा साधा आणि चपळ. बाकेन या तेलपट्ट्यात १,२८० एकरांचे, म्हणजे दोन सेक्शनचे स्पेसिंग युनिट नेहमीचे. युनिटचा थर चालू केला की आपला सेक्शन कुणाबरोबर जोडलाय ते लगेच कळतं. अडचण गोपनीयतेची. नव्या विहिरीची माहिती सहा महिने झाकून ठेवायची मुभा कंपनीला आहे. ठिपका दिसतो, ऑपरेटर दिसतो, पण आकडे येत नाहीत. विहीर बंद आहे असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. काही माहिती वर्गणी भरल्याशिवाय उघडत नाही, हेही आहेच.

केंद्राचे नकाशे

खनिज केंद्र सरकारचं असेल तर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय जमीन खात्याची एमएलआरएस ही नोंदींची प्रणाली बघायची. जुन्या माहितीपत्रकांतल्या एलआर२००० ची जागा हिने घेतली. पश्चिमेकडच्या राज्यांत १९१६ च्या स्टॉक-रेझिंग होमस्टेड कायद्याखाली दिलेल्या जमिनींत खनिज सरकारने स्वतःकडे ठेवलं. त्यामुळे वरचं कुरण खासगी आणि खालचं तेल सरकारी, अशी लाखो एकर जमीन आहे. तपासायची सोपी वाट म्हणजे त्याच ब्युरोचं जनरल लँड ऑफिसच्या नोंदींचं संकेतस्थळ. राज्य, टाउनशिप, रेंज, सेक्शन टाकला की मूळ पेटंटची (सरकारने जमीन दिल्याच्या पहिल्या कागदाची) प्रतिमा फुकट दिसते. खनिज राखून ठेवल्याचं वाक्य त्या कागदावरच असतं.

सरकारी खनिजाच्या बाबतीत लीजचा टप्पाही उघड असतो, हा मोठा फायदा. कुठले तुकडे लिलावाला सुचवले गेले, कुठले यादीत आले, हे परवान्याच्या कितीतरी आधी बघता येतं. एमएलआरएस वापरायला मात्र किचकट आहे. शोध चुकला की कोरी यादी येते आणि का चुकला ते सांगत नाही. बहुतेक वेळा मेरिडियन (टाउनशिप मोजण्याची आधाररेषा) निवडायचा राहिलेला असतो.

पाइपलाइनसाठी देशभराचा मुख्य सार्वजनिक नकाशा म्हणजे नॅशनल पाइपलाइन मॅपिंग सिस्टम. एका वेळी एक काउंटी उघडते. वायूच्या मोठ्या वाहिन्या आणि धोकादायक द्रवांच्या वाहिन्या एवढंच त्यावर आहे. विहिरीपासून गोळा करणाऱ्या वाहिन्या नाहीत, घरोघरी वायू पोचवणाऱ्याही नाहीत. शिवाय रेषेची अचूकता ५०० फुटांपर्यंत मागेपुढे धरलेली आहे आणि १:२४,००० च्या पुढे झूम होत नाही. म्हणजे वाहिनी तुमच्या शेतातून जाते की शेजाऱ्याच्या, हे हा नकाशा सांगूच शकत नाही. त्याचा खरा उपयोग ऑपरेटरचं नाव आणि संपर्क मिळवण्यासाठी. तेवढ्यासाठी तो चांगला, बाकी पाच गुण.

गोळा करणाऱ्या वाहिन्यांची पोकळी ग्रामीण भागात सगळ्यांत जास्त जाणवते. २०२१ मध्ये केंद्राने नियम वाढवून ४,००,००० मैलांहून जास्त अशा वायुवाहिन्या अहवालाच्या कक्षेत आणल्या, पण सार्वजनिक नकाशावर त्या आल्या नाहीत. तोवर मार्ग दोन: काउंटीत नोंदवलेले वहिवाटीचे करार वाचणं, आणि कुंपणाचे खांब किंवा तळं खणण्याआधी ८११ ला फोन करणं. ८११ फुकट आहे, जमिनीवर रंगाच्या खुणा करून जातात; पिवळा रंग तेल-वायूचा. फक्त नोंदणीकृत वाहिन्यांच्याच खुणा होतात आणि शेतातल्या खासगी नळ्या सुटतात.

बेवारस विहिरींसाठी अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाने २७ राज्यांच्या नोंदी एकत्र करून १,१७,६७२ विहिरींचा संच २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. डाउनलोड करून ठेवण्यासारखा आहे. हा आकडा नोंद असलेल्या आणि न बुजवलेल्या विहिरींचा आहे, आणि राज्यागणिक ‘बेवारस’ कशाला म्हणायचं हे बदलतं. राज्याची ताजी यादी मिळत असेल तर तीच वापरा.

फ्रॅकफोकस, फ्रॅकट्रॅकर आणि पैसे घेणारे

नावं सारखी, कामं वेगळी. फ्रॅकफोकस २०११ मध्ये सुरू झालेली रसायनांची नोंदवही आहे. राज्य, काउंटी, ऑपरेटर किंवा एपीआय टाकून विहीर शोधायची. फ्रॅकिंगच्या तारखा, खोली, वापरलेलं पाणी गॅलनमध्ये, आणि घटकांची यादी मिळते. काही ओळींत रसायनाच्या नावाऐवजी व्यापारी गुपित असं लिहिलेलं असतं. पूर्वसूचनेसाठी निरुपयोगी, पाण्याच्या तपासणीत प्रयोगशाळेला काय शोधायला सांगायचं हे ठरवण्यासाठी उत्तम.

फ्रॅकट्रॅकर ही स्वयंसेवी संस्था. राज्यांची माहिती एकत्र करून देशभराचे आणि विषयवार नकाशे बनवते, पर्यावरणाच्या बाजूची भूमिका लपवत नाही. पहिली ओळख करून घ्यायला छान. पण प्रत्येक नकाशाखाली माहिती कुठल्या तारखेची ते बघा. काही नकाशे वर्षानुवर्षं तसेच आहेत. निर्णयासाठी पुन्हा राज्याकडेच जावं लागतं.

एन्व्हरससारख्या व्यावसायिक सेवांवर लीज, परवाने, उत्पादन सगळं एका पडद्यावर मिळतं. पण त्या तेल कंपन्या आणि गुंतवणूकदारांसाठी बांधलेल्या आहेत. शे-दोनशे एकरांच्या मालकाने वर्गणी भरण्यापेक्षा काउंटीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर पानागणिक पैसे देऊन शेजारच्या सेक्शनमधल्या लीज काढाव्यात. अनुक्रमणिका नावानुसार असते. शेजाऱ्यांची नावं करखात्याच्या नकाशावरून घ्यायची आणि एकेक शोधायची. कंटाळवाणं आहे, पण सगळ्यांत आधीची खबर इथेच मिळते.

स्वतःचा नकाशा बनवायचा तर

क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. राज्याच्या संकेतस्थळावरून काउंटीच्या विहिरींची शेपफाइल (नकाशाच्या थराची फाइल) उतरवा. ती एक फाइल नसते: एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे हे चारही एकाच फोल्डरमध्ये हवेत. पीआरजे राहिली तर सॉफ्टवेअर आधारपद्धत विचारतं किंवा स्वतःच गृहीत धरतं, आणि विहिरी सरकतात. मग काउंटीच्या भूखंडांचा थर जोडून आपला भूखंड वेगळा साठवा.

आता अंतराचा पट्टा, म्हणजे बफर. इथे बहुतेकांचं अडतं. थर अक्षांश-रेखांशात असताना ८०० लिहिलं तर ते ८०० अंश होतात आणि पडद्यावर काहीतरी विचित्र गोळा येतो. आधी थर मीटरच्या पद्धतीत नव्याने साठवा: मध्य टेक्साससाठी यूटीएम १४ (मीटरमध्ये मोजणारा नकाशा-विभाग), म्हणजे ईपीएसजी या यादीतला क्रमांक २६९१४, १०२ अंशांच्या पश्चिमेला २६९१३, पश्चिम पेनसिल्व्हेनियासाठी २६९१७. मग पट्टे काढा: ५०० फूट म्हणजे १५२.४ मीटर, २,००० फूट ६०९.६, २,५०० फूट ७६२, एक मैल १,६०९. त्यानंतर ‘सिलेक्ट बाय लोकेशन’ने पट्ट्यात येणाऱ्या विहिरी निवडा आणि तक्ता बाहेर काढा. आडव्या विहिरींच्या रेषांचा थर वेगळा असतो. तोही त्याच पट्ट्यातून काढला नाही तर जमिनीखालून जाणारी विहीर निसटते.

तक्ता एक्सेलमध्ये थेट उघडू नका. कोलोरॅडोच्या ०५ मधलं शून्य उडून जातं, आणि १४ अंकी एपीआय क्रमांक घातांकाच्या रूपात गुंडाळला जातो. आयात करताना तो रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. एकदा त्या रूपात फाइल साठवली की शेवटचे अंक परत येत नाहीत.

जोडीला उपग्रहाची चित्रं घ्या. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं कोपर्निकस ब्राउझरमध्ये फुकट मिळतात, १० मीटर तपशिलाची (चित्रातली एक चौकट म्हणजे १० बाय १० मीटर), ढग नसले तर साधारण पाच दिवसांनी एक. पाच एकरांचा पॅड म्हणजे सुमारे २०० चौकटी. नवा पॅड आणि त्याचा रस्ता सहज ओळखू येतो. नांगरलेलं शेतही तसंच उजळ दिसतं, पण ते महिन्या-दोन महिन्यांनी हिरवं होतं, पॅड होत नाही. पवनचक्कीच्या पायाशी गल्लत होते, तेव्हा आकार बघा: पॅड काटकोनी आणि बराच मोठा.

परवान्यांचा शोध आठवड्यातून एकदा, प्रलंबित जागांचा थरही तितक्याच वेळा, बेवारस विहिरी आणि पाइपलाइन वर्षातून एकदा बघितल्या तरी पुरे. दर वेळी पडद्याचं चित्र तारखेसह साठवा आणि फॉर्मची पीडीएफ उतरवून घ्या. विहीर दुसऱ्या कंपनीला विकली गेली की नकाशावर फक्त नव्या ऑपरेटरचं नाव उरतं, आणि ज्याच्या काळात सांडलं तो कोण होता हे शोधायला पी-४ सारखे जुने कागद एकेक उपसावे लागतात.